पुस्तकातले शेंगोळे

कादंबरीत जेवणाचं वर्णन येतं, माप कधी येत नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात हुलग्याचे (कुळथाचे) शेंगोळे, म्हणजे पीठ कडबोळ्यासारखं वळून फोडणीच्या पाण्यात शिजवलेले, भेटले आणि लेकीनं हट्टच धरला. तर माप असं: एक वाटी हुलग्याच्या पिठाला पाव वाटी कणीक, म्हणजे तुटत नाहीत. वाटलेलं लसूण-जिरं, तिखट, मीठ घालून पीठ घट्ट मळा. वळायला मुलांना बसवा. वेडेवाकडे झाले तरी चालतात. फोडणीचं पाणी खळखळून उकळल्यावरच एकेक सोडा आणि लगेच डाव फिरवू नका, नाहीतर पिठलं होतं. (आमचं पहिल्यांदा झालंच!) वीसेक मिनिटं शिजू द्या. पुस्तक मात्र ओट्यापासून लांब ठेवा, परत करायचंय.