ऑनलाइन तासात तुटणारा आवाज: माझा अनुभव

बेळगावहून मी मराठी व्याकरणाचे ऑनलाइन तास घेतो. पावसाळ्यात निपाणीच्या विद्यार्थ्यांना माझे बोलणे बऱ्यापैकी ऐकू जात असे; परंतु खानापूर तालुक्यातल्या डोंगराळ जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांना वाक्याचा शेवट ऐकू येत नसे, आणि मराठीत क्रियापद बहुधा शेवटीच येत असल्यामुळे त्यांच्या हाती अर्धेच विधान लागत असे.

कारणे दोन निघाली. पहिले रेंजचे. ७२०पी दर्जाच्या चित्रासाठी साधारण १ एमबीपीएसहून (म्हणजे १,००० केबीपीएसहून) अधिक इंटरनेटचा वेग लागतो, तर निव्वळ आवाजाचे काम १०० केबीपीएसच्या आत भागते. म्हणून नमस्कार-चमत्कार आटोपताच मी कॅमेरा बंद करू लागलो, स्लाइडची पीडीएफ आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो आणि शिकवताना प्रत्येक स्लाइडचा क्रमांक तोंडाने सांगू लागलो. चेहरा दिसल्यावाचून तास रंगत नाही असे म्हणतात. मला ते पटत नाही.

दुसरे कारण माझ्याच खोलीत होते. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज दाबण्यासाठी ॲपमधील गोंगाट कमी करण्याची सोय सर्वांत वरच्या पातळीवर होती, आणि ती पावसाबरोबर माझे वाक्याअखेरचे उतरते स्वरही गिळत होती. वायरचा हेडसेट घेऊन त्याचा माइक ओठांच्या कडेला, श्वास थेट लागणार नाही असा ठेवल्यावर ती पातळी मध्यम करता आली. ब्लूटूथचा हेडसेट मी मुद्दाम टाळला, कारण माइक सुरू होताच त्यातील आवाजाचा दर्जा बहुधा उतरतो.