आयटम मोटला गेलात तर आधी बाहेरून फिरा

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात सेव्हनोक्सजवळ आयटम मोट हा १४ व्या शतकातला, चारही बाजूंनी खंदकाने वेढलेला वाडा आहे. पूल दिसला की लोक सरळ आत घुसतात. तसं करू नका. आधी खंदकाच्या कडेने सावकाश चक्कर मारा. दगड, लाकूड आणि विटा अशी वेगवेगळ्या काळातली बांधकामं एकमेकांना चिकटलेली बाहेरूनच नीट दिसतात. वारा नसेल तर पाण्यातलं प्रतिबिंबही मिळतं, फोटो तेव्हाच काढा.

आत चौकात कुत्र्याचं एक भलंमोठं लाकडी घर आहे. सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्यासाठी बांधलेलं हे घर संरक्षित वास्तूंच्या सर्वोच्च श्रेणीत आहे! ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या प्रार्थनागृहात मात्र मान वर करा. रंगवलेल्या छतावर राजा आठव्या हेन्रीच्या या घराण्याचं चिन्ह असलेला गुलाब आणि त्याची राणी कॅथरीन हिचं चिन्ह असलेलं डाळिंब शोधा. रंग फिकट झालेत, त्यामुळे डोळे अंधाराला सरावू द्या.

१९८५ पासून वाडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा बघा. लंडनहून सेव्हनोक्सपर्यंत रेल्वे आहे, पुढच्या टॅक्सीचं मात्र आधीच ठरवून ठेवा, परतीचंसुद्धा.