कविसंमेलन ठरवताय? आधी क्रम लावा

कविसंमेलन २७ फेब्रुवारीलाच करायचं असेल तर कवींना डिसेंबरातच फोन करा. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या संध्याकाळी नावाजलेल्या कवीला चार ठिकाणांहून बोलावणं असतं आणि सभागृहही मिळता मिळत नाही. पुढच्या शनिवारी केलंत तरी भाषेचं काही बिघडत नाही. मानधन आणि प्रवासखर्चाचा आकडा फोनवरच सांगा, नवोदितांनाही. पैसे कमी पडत असतील तर शाली रद्द करा. कवींच्या कपाटात शाली पुष्कळ असतात.

दोन ज्येष्ठ आणि सहा नवोदित पुरेत. प्रत्येकी दोन कविता, कवितेला चार मिनिटं, म्हणजे ६४ मिनिटं झाली. निवेदन आणि गझलेच्या शेरांना मिळणारं 'पुन्हा एकदा' धरलं की दीड तास सहज भरतो.

खरी मेहनत क्रमावर घ्या. नवोदितांना सुरुवातीला उरकलं तर लोक अजून खुर्च्या शोधत असतात, शेवटी ठेवलं तर ज्येष्ठांचं ऐकून अर्धं सभागृह उठलेलं असतं. म्हणून दोन फेऱ्या करा. प्रत्येक फेरीत प्रत्येकाची एक कविता, दुसऱ्या फेरीत क्रम बदलायचा. पहिली कविता ज्येष्ठाची, म्हणजे सभागृह स्थिरावतं. लगेच पुढची नवोदिताची. सगळे मंचावरच बसले की स्वतःची कविता म्हणून निसटायचीही सोय राहत नाही (हा आजार नव्याजुन्या सगळ्यांना आहे). कविता आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. पाठोपाठ तीन मुक्तछंद आले तर मध्ये गझल किंवा बोलीतली कविता घाला. विंदा, बापट आणि पाडगावकर एकत्र काव्यवाचन करत, तेव्हा तिघांचा बाज तीन तऱ्हांचा होता; ऐकणाऱ्याला तो पालट लागतोच.

निवेदकाला ही यादी आधी द्या. नावांचे उच्चार त्याने कवींनाच विचारून घ्यावेत, परिचय दोन वाक्यांत आटपावा आणि स्वतःच्या चारोळ्या घरी ठेवाव्यात.

माईक दोन हवेत, त्यातला एक उंची कमीजास्त होणाऱ्या स्टँडवर. नुसत्या 'हॅलो, हॅलो'ने काही कळत नाही; हळू आवाजाच्या कवीकडून एक कडवं वाचून घ्या आणि तुम्ही शेवटच्या रांगेत बसून ऐका. वाचायच्या जागी दिवा आहे ना, पंखा कागद उडवत नाही ना, तेही तेव्हाच बघा. उघड्यावर कार्यक्रम असेल तर पोलिसांची परवानगी काढा आणि रात्री १०च्या आत आवरा. चहा मात्र शेवटीच.

चित्रीकरण करणार असाल तर प्रत्येकाची संमती घ्या. दिवाळी अंकांना अप्रकाशित कविता लागते. तुम्ही ती यूट्यूबवर टाकून मोकळे व्हाल आणि अडचण कवीची होईल. पुस्तकांच्या टेबलावर ज्येष्ठांच्या संग्रहांशेजारीच नवोदितांचे पहिले संग्रह मांडा, सुटे पैसे ठेवा. मानधनाची पाकिटं नावं घालून तयार असू द्यात, आणि ज्याला शेवटची एसटी गाठायची आहे त्याचं पाकीट मध्यंतरातच हातात द्या.