नेट गेलं तरी बोलणं चालू: स्वतःच्या वायफायवर वॉकीटॉकीसारखी डिस्पॅच सिस्टीम कशी उभारायची

साखर कारखान्याचा केनयार्ड, म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते आवार, घ्या. गळीत हंगाम जोरात, रात्रीचे दोन, वजनकाट्यावरच्या माणसाला यार्डात सांगायचंय की पुढच्या पाच गाड्या सोडा, तेवढ्यात गव्हाणीवरून, म्हणजे ऊस मिलमध्ये टाकतात तिथून, निरोप येतो की थांबवा, मिल चोकअप आहे, आणि हे सगळं एकेकाला मोबाइल लावून चाललेलं असतं. एक उचलत नाही, दुसरा बिझी, तिसऱ्याचा बॅलन्स संपलेला. ग्रुपवर व्हॉइस नोट टाकावी तर ती कोणी ऐकेपर्यंत ट्रॅक्टर पुढे जाऊन अडकलेला असतो. इथे पाहिजे काय तर एक बटण दाबायचं, बोलायचं, आणि ज्यांना ऐकायला हवं त्या सगळ्यांना त्याच क्षणी ऐकू गेलं पाहिजे.

यासाठी महिन्याला दर हँडसेटमागे पैसे घेणाऱ्या सर्व्हिस बाजारात आहेत, वाईट नाहीत, पण बहुतेकांचा सर्व्हर कुठेतरी लांब असतो आणि तुमच्याकडचं नेट गेलं की शंभर फुटांवर उभ्या असलेल्या माणसाशीही बोलणं बंद. म्हणून मी सर्व्हर आपल्याच कंपाउंडमध्ये ठेवायच्या बाजूचा आहे. खाली केनयार्डाचं उदाहरण धरून सांगतोय, पण मोठी सोसायटी, हॉस्पिटल, मार्केट यार्ड, पद्धत तीच.

आधी कागदावर चॅनेल आखा

लोक थेट सॉफ्टवेअर टाकायला बसतात. तसं करू नका. अर्धा तास कागद घेऊन बसा आणि कोणाला कोणाचं ऐकायचंय ते लिहा, ज्यांनी एकमेकांचं ऐकायचं त्यांचा एक चॅनेल. केनयार्डासाठी मी असं करेन: काटा, यार्ड, गव्हाण, शेतकी खातं, आणि एक सर्वांसाठी. चार-पाचच्या वर जाऊ नका, चॅनेल जास्त झाले की माणूस चुकीच्या चॅनेलवर बोलत बसतो आणि तिकडे कोणीच नसतं. दुसरं म्हणजे युजरची नावं माणसांची ठेवू नका, जागेची ठेवा, काटा-१, यार्ड-२ अशी. तीन शिफ्ट आहेत, माणूस बदलतो, फोन तिथेच राहतो, आणि रात्रपाळीच्या माणसाला "यार्ड दोन" म्हणून हाक मारली की त्याला बरोबर कळतं.

सर्व्हर

सॉफ्टवेअर आहे मंबल, फुकट आणि ओपन सोर्स, मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी बनलेलं त्यामुळे आवाज पोचायला उशीर फार कमी लागतो. मशीन काहीही चालेल, जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर, लोड जवळजवळ नसतोच. पाय घेतलात तर मेमरी कार्डावर अवलंबून राहू नका, लाइट गेल्या-आल्यावर कार्डं खराब होतात, यूएसबीवर छोटी एसएसडी लावा.

डेबियन किंवा उबुंटू लिनक्स टाकून एपीटीने (त्यातल्या सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडने) मंबल-सर्व्हर नावाचं पॅकेज इन्स्टॉल करा, मग त्याच पॅकेजवर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही सेटिंग विचारणारी कमांड चालवा. ते विचारेल बूट झाल्यावर आपोआप सुरू करू का, हो म्हणा, आणि सुपरयुजरचा पासवर्ड विचारेल तो नीट ठेवा, कारण तो अकाउंट फक्त सेटिंगसाठी आहे, रोज बोलायला वापरायचा नाही. मग ईटीसी फोल्डरमधली मंबल-सर्व्हरची आयएनआय फाइल उघडा. तिथे खरं तर दोनच गोष्टी बदलायच्यात, सर्व्हर पासवर्ड द्या, आणि बँडविड्थ ४८००० वर आणा. बोलण्यासाठी एवढी भरपूर झाली, गाणी थोडीच ऐकवायचीत.

सर्व्हरला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का द्या, म्हणजे राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून टाका, समजा १९२.१६८.१०.५. आणि फायरवॉल लावली असेल तर ६४७३८ पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हीसाठी उघडा (टीसीपी हरवलेला डेटा परत पाठवत बसतं, यूडीपी त्यासाठी थांबत नाही). हे दोन्ही महत्त्वाचं आहे. नुसतं टीसीपी उघडलं तरी कनेक्ट होतं, आवाजही येतो, म्हणून सगळे समजतात झालं काम, पण यूडीपी बंद असल्याने आवाज टीसीपीतूनच ढकलला जातो आणि वायफाय जरा कमजोर झालं की तुटक आणि उशिरा यायला लागतो.

वायफाय आणि लाइट

खरी मेहनत इथे आहे. थोडा हिशोब करा. ओपस कोडेकमध्ये (मंबल आवाज दाबून लहान करतं ती पद्धत) बोलणं २४ केबीपीएसला छान ऐकू येतं, प्रत्येक पॅकेटवरची, म्हणजे आवाजाच्या एकेका तुकड्यावरची, पत्त्याबित्त्याची झूल धरून साधारण ४० केबीपीएस. एक माणूस बोलला आणि पंचवीस फोन ऐकतायत तर सर्व्हर प्रत्येकाला वेगळी कॉपी पाठवतो, म्हणजे १ एमबीपीएस. हे काहीच नाही. पण पॅकेट मोजा: दर २० मिलिसेकंदाला एक म्हणजे सेकंदाला ५०, गुणिले पंचवीस, १२५० छोटी पॅकेटं सेकंदाला, आणि वायफायला मोठ्या डेटापेक्षा अशा बारक्या पॅकेटांचाच जास्त त्रास होतो. म्हणून ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एका पॅकेटात ४० मिलिसेकंदांचा आवाज ठेवा, पॅकेटं निम्मी होतात आणि वाढलेला उशीर कानाला कळतही नाही.

यार्डासाठी आउटडोअर ॲक्सेस पॉइंट (वायफायचे डबे) घ्या, पीओई वाले, नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे, म्हणजे वर खांबावर वेगळी लाइट ओढायला लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर वायफायचे चॅनेल १, ६, ११ एवढेच वापरा आणि शेजारच्या दोन पॉइंटला एकच चॅनेल देऊ नका. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगा उभ्या असल्या की रेंज चांगलीच खाल्ली जाते, त्यामुळे टेस्टिंग रिकाम्या यार्डात करून समाधान मानू नका, गर्दीच्या वेळी फोन घेऊन फिरा. या फोनांसाठी वायफायचं नाव आणि पासवर्ड वेगळा ठेवा, नाहीतर सगळी ड्रायव्हर मंडळी त्यावरच रील बघत बसतील.

आणि यूपीएस. सर्व्हरला यूपीएस सगळेच लावतात, पण मधला नेटवर्क स्विच (केबली जोडायचा डबा) दुसऱ्या खोलीत साध्या बोर्डावर असतो आणि लाइट गेली की सर्व्हर चालू, स्विच बंद. सर्व्हरपासून ॲक्सेस पॉइंटपर्यंतची वायर बोट ठेवून तपासा, वाटेतली प्रत्येक गोष्ट यूपीएसवर आहे का बघा.

फोन तयार करणे

ॲंड्रॉइडवर मंबलला जोडणारं मुमला नावाचं ॲप टाका, एफ-ड्रॉइडवर आणि प्ले स्टोअरवर आहे. आयफोनसाठीचं मंबलचं जुनं ॲप आता कोणी सांभाळत नाही, त्यामुळे ॲंड्रॉइडच धरा, तसाही यार्डात कोणी आयफोन घेऊन फिरत नाही. ॲपमध्ये सर्टिफिकेट (फोनचं डिजिटल ओळखपत्र) तयार करा, सर्व्हरचा आयपी, पोर्ट, युजरचं नाव यार्ड-२ वगैरे, पासवर्ड, झालं. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचं सर्टिफिकेट ओळखीचं नाही म्हणेल, ते मान्य करा. बोलण्याची पद्धत पुश टू टॉक, म्हणजे बटण दाबलं तरच आवाज जाणारी, ठेवा. आवाज झाला की आपोआप सुरू होणारा मोड मिलच्या शेजारी विसरा, तिथे आवाज थांबतच नाही.

बटण व्हॉल्यूमच्या कीला लावता येतं, पण स्क्रीन बंद असताना ते चालतं का ते तुमच्या फोनवर आधी बघा, बऱ्याचदा चालत नाही. ब्लूटूथ माइकचा मोह टाळा, उशीर वाढतो आणि चार्जिंगची अजून एक कटकट. वायरवाला साधा हेडसेट बरा.

मग बॅटरी सेटिंग. ॲंड्रॉइड ६ पासून फोन शांत पडला की ॲपना झोपवतो, आणि काही कंपन्यांचे फोन त्याच्याही पुढे जाऊन ॲप मारूनच टाकतात. मुमलाला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून बाहेर काढा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा, रिसेंटमध्ये कुलूप लावता येत असेल तर लावा. फोन अर्धा तास खिशात ठेवून मग हाक मारून बघा.

आता राउटरमधून इंटरनेटची केबल काढा आणि बोलून बघा. सर्व्हर आत आहे, वायफाय आत आहे, चालायलाच पाहिजे, नाही का? पण दोन मिनिटांत एकेक फोन गायब व्हायला लागतात. कारण फोनला कळतं की या वायफायला इंटरनेट नाही, आणि तो हुशारी करून गुपचूप मोबाइल डेटावर जातो, तिथून १९२.१६८.१०.५ कुठे दिसणार! म्हणजे ज्या प्रसंगासाठी एवढं उभारलं त्याच प्रसंगी सिस्टीम बसते. वायफाय सेटिंगमध्ये "आपोआप मोबाइल डेटावर जा" अशा अर्थाचा पर्याय असतो तो बंद करा, आणि "इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का" असं विचारलं तर हो आणि "पुन्हा विचारू नका" दोन्ही करा. सगळ्यात सोपं म्हणजे कंपाउंडमधल्या फोनात सिमच घालू नका. केबल काढून हा प्रयोग प्रत्येक फोनवर करा, एकावर करून सोडू नका, मॉडेलनुसार वागणं बदलतं.

डिस्पॅचरचं टेबल

डिस्पॅचर म्हणजे सगळ्यांचं ऐकून कोणी काय करायचं ते सांगणारा माणूस. त्याला काट्याच्या केबिनमध्ये किंवा केनयार्ड सुपरवायझरकडे एक पीसी, त्यावर मंबलची १.४ किंवा पुढची आवृत्ती. १.४ का, तर त्यात चॅनेलमध्ये न जाताच तो ऐकत राहायची सोय आहे. चॅनेलवर राइट क्लिक, ऐका, असं करून एकच माणूस सगळीकडे कान ठेवू शकतो, आणि प्रत्येकाचा आवाज कमीजास्तही करता येतो, म्हणजे गव्हाण मोठ्याने, शेतकी हळू. बोलण्यासाठी शॉर्टकटमध्ये व्हिस्पर-शाउट (निवडलेल्या चॅनेललाच आवाज पाठवणारा पर्याय) घ्या आणि एफ१ ला यार्ड, एफ२ ला गव्हाण, एफ४ ला सगळे असं बांधून ठेवा. कीबोर्डवर चिकटपट्टी लावून नावं लिहा, लाज वाटून घेऊ नका.

परवानग्या एसीएलमध्ये, म्हणजे कोणाला काय करता येईल त्या यादीत. आधी सगळ्या फोनना रजिस्टर करून घ्या, मग रूट म्हणजे सगळ्यात वरच्या चॅनेलवर स्वतःहून रजिस्टर व्हायची आणि तात्पुरता चॅनेल बनवायची मुभा काढून टाका. सर्वांसाठीच्या चॅनेलवर बोलायचा हक्क फक्त डिस्पॅचर आणि सेफ्टीवाल्यांना द्या. मंबलमध्ये एकाच वेळी अनेकजण बोलू शकतात, साध्या वॉकीटॉकीसारखं एकाने दाबलं की दुसरा अडत नाही, त्यामुळे शिस्त परवानग्यांनीच लावावी लागते. संभाषण रेकॉर्ड पीसीवरून होतं, सुरू केलं की सगळ्यांना सूचना जाते, तरीही कामगारांना आधी तोंडाने सांगा.

बोलायची सवय हा वेगळा धडा. बटण दाबून अर्धा सेकंद थांबायचं, नाहीतर "सोडू नको" मधलं काही तुटून नुसतं "सोडू" पोचलं तर बघा काय होईल. थांबवायचं असेल तर "थांबव" म्हणायचं, नकारार्थी वाक्यच नको. गाडीचे नंबर एकेक आकडा सुटा: बहात्तर, ब्याऐंशी, बासष्ट मिलच्या आवाजात सगळे सारखेच ऐकू येतात, सात-दोन म्हटलं की वाद नाही. आणि ऐकणाऱ्याने नंबर परत म्हणायचा.

बाहेरची माणसं

गट ऑफिस आणि फडावरचे, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतातले, चिठ्ठ्या देणारे चिटबॉय वायफायमध्ये नसतात. त्यांच्यासाठी ६४७३८ पोर्ट इंटरनेटला उघडू नका, वायरगार्ड व्हीपीएन (इंटरनेटवरून आपल्या नेटवर्कपर्यंतची बंद वाट) लावा. ते २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, पोर्ट नेहमीचा ५१८२० यूडीपी. तुमच्याकडे स्थिर पब्लिक आयपी असेल तर सर्व्हरवरच, नसेल तर एक स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) मध्ये ठेवा आणि कारखान्याचा सर्व्हर आणि बाहेरचे फोन दोघेही त्याला जोडा. फोनच्या वायरगार्ड सेटिंगमध्ये अलाउड आयपीमध्ये फक्त तुमच्या सर्व्हरचा पत्ता लिहा, नाहीतर फोनचं सगळं इंटरनेट तुमच्या लाइनवरून वाहायला लागेल. कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंद. नेट गेलं तर ही बाहेरची माणसं तुटतात, त्याला इलाज नाही, पण आतलं काम चालू राहतं.

जुन्या रेडिओ सेटला हे जोडायचं असेल तर टॉककनेक्ट नावाचा ओपन सोर्स मंबल क्लायंट आहे, रास्पबेरी पायवर चालतो, यूएसबी साउंड कार्ड लावून आणि पायच्या पिनवरून रेडिओचं पीटीटी (बोलायचं बटण) दाबून दोन्ही बाजू जोडता येतात. काम मजेशीर आहे, पण कायदा बघा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे सेट लायसन्सशिवाय चालतात, बाकी व्हीएचएफ-यूएचएफ सेटना परवाना लागतो, आणि ऑनलाइन सर्रास मिळतात म्हणजे चालतात असं नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर नियम काढलेत. सेट आणि परवाना नसेल तर या भानगडीत पडू नका, वायफायवर भागतंय.

बॅकअप

सर्व्हरचं जवळजवळ सगळं, म्हणजे चॅनेल, परवानग्या, रजिस्टर केलेले फोन आणि सर्व्हरने स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट, एकाच एसक्यूलाइट फाइलमध्ये असतं, वार-लिब फोल्डरमध्ये मंबल-सर्व्हर नावाने. सर्व्हर पासवर्ड आणि बँडविड्थ मात्र ईटीसीमधल्या आयएनआय फाइलमध्ये आहेत. सर्व्हर थांबवून दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करा. मशीन मेलं तर दुसऱ्यावर पॅकेज टाका, या दोन्ही फाइली जागच्या जागी ठेवा, तोच आयपी द्या, फोनांना काही कळणारही नाही.

फोनचं मात्र उलट आहे. त्याची ओळख त्याच्या सर्टिफिकेटमध्ये असते, फोन फुटला किंवा रीसेट झाला की नव्या फोनवरून त्याच नावाने आत घेत नाही, नाव दुसऱ्याचं आहे म्हणतो. म्हणून रजिस्टर करतानाच प्रत्येक फोनचं सर्टिफिकेट एक्सपोर्ट करून यार्ड-२ अशा नावाने त्याच पेनड्राइव्हवर टाका. ते राहून गेलं असेल तर सुपरयुजरने आत जाऊन रजिस्टर झालेल्या युजरच्या यादीतून जुनं नाव काढा आणि नवा फोन परत रजिस्टर करा, त्या नावाला एसीएलमध्ये काही खास परवानगी दिली असेल तर तीही पुन्हा द्यावी लागते.