हुशार मुलांसाठी मराठीचा अवघड तास कसा घ्यावा

लवकर लिहून होणाऱ्या मुलाला आणखी एक निबंध देऊ नका. ती शिक्षाच असते, आणि दोन-तीनदा झाली की मूल मुद्दाम सावकाश लिहायला लागतं. त्याला काम जास्त नको, अडचण जास्त हवी. सातवी-आठवीसाठी मोठ्या अभंगाच्या साच्याइतकी चांगली अडचण क्वचितच सापडेल. लागून आलेले दोन तास घ्या, ८० मिनिटं तरी हवीत.

साचा फळ्यावर लिहा: चार चरण, अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. जोडाक्षर एकच धरायचं. लघु-गुरूचं बंधन इथे नसतं. वृत्तं शिकलेली मुलं मात्रा मोजू लागतात, त्यांना लगेच अडवा.

मग शंभरेक शब्दांचा गद्य उतारा द्या. विषय रोजचा असावा, समजा पाणीटंचाई. भक्तीचा विषय टाळा, कारण मुलं पाठ असलेले शब्द उसने घेतात. उताऱ्याचा गाभा आधी एका वाक्यात लिहून घ्या, मग २२ अक्षरांत.

खरी गोची पुढे आहे. पंधरा मिनिटांत हमखास असं काहीतरी हाती येतं:

विहीर आटली
तहान वाढली
घागर फुटली
काय करू

अक्षरं बरोबर, यमक बरोबर, आणि शिक्षक ‘शाब्बास’ म्हणून मोकळे होतात. इथेच तास वाया जातो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून आटली-वाढली-फुटली हे यमक आपोआप पडतं. मुलाला शोधावं काहीच लागत नाही. शिवाय घागर फुटल्याचं उताऱ्यात कुठेच नाही, ती केवळ यमकापायी फुटली. म्हणून पहिला मसुदा झाल्यावर दोन नियम घाला. आधी घालू नका, नाहीतर मुलं पहिला शब्दसुद्धा लिहीत नाहीत.

पहिला नियम: दोन क्रियापदांचं यमक बाद. दुसरा: प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचायचं, तो काढून अर्थ तोच राहिला तर शब्द भरतीचा. ‘हो’, ‘रे’, ‘बा’, ‘ती’, ‘ही’ बहुतेक इथेच गळतात. आता अक्षरं कमी पडतात, मूल चिडतं, ‘नियमच चुकीचा आहे’ म्हणतं. या वेळी शब्द सुचवू नका, अगदी एकही. फक्त विचारा, ‘उताऱ्यात डोळ्यांना काय दिसतं?’ क्रियापदांवरून लक्ष वस्तूंकडे वळलं की वाट सापडते:

आटली विहीर
उघडी पायरी
रिकाम्या घागरी
रांगेतल्या

शेवटचा चार अक्षरांचा चरण वेगळा तपासा. मुलं तिथे ‘काय करू’, ‘देवा धाव’ असा सुस्कारा टाकतात. त्या चरणाने नवी माहिती द्यायलाच हवी. वर ‘रांगेतल्या’ने माणसं न दाखवता माणसांची गर्दी आणली आहे.

राहिलेल्या वेळात प्रत्येकाने टाकून दिलेला एक शब्द आणि तो का टाकला, हे चार वाक्यांत लिहावं. गुण या चार वाक्यांना द्या, अभंगाला नको. ‘बरा वाटत नव्हता’ हे कारण धरू नका.

काम घरी पाठवू नका. घरची मोठी माणसं हौसेने यमक जुळवून देतात. हे जमलेल्या मुलांना पुढच्या आठवड्यात तोच उतारा छोट्या अभंगात, ८-८ अक्षरांच्या दोन चरणांत, बसवायला द्या. अक्षरं २२ वरून १६ वर येतात, आणि कोणती वस्तू सोडायची यावर वर्गात खरी भांडणं होतात. ती होऊ द्या.