मर्यादित पैशांत मनाजोगा वस्तरा घडवून घेताना

खास मागणी देऊन घडवलेल्या वस्तऱ्यात पोलादाचा खर्च फारच थोडा असतो. एका पात्याला लागणारी पट्टी लहान असते आणि साधे कार्बन पोलाद महाग नसते. किंमत वाढते ती कारागिराच्या तासांमुळे. घासणी, पॉलिश, मुठीची जुळणी, नक्षी आणि धार यांत हे तास जातात. म्हणून हाती पैसे बेताचे असतील तर वस्तरा कसा दिसावा याचा विचार करण्यापूर्वी, कारागिराचे कोणते तास आपल्या गालाला जाणवणार आहेत आणि कोणते केवळ डोळ्यांना, हे वेगळे करून घ्यावे. गालाला जाणवणाऱ्या तासांत काटकसर करू नये. बाकी सर्व ठिकाणी ती निःसंकोचपणे करावी.

सर्वांत आधी पात्याची रुंदी ठरवावी, कारण पुढच्या बहुतेक गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशांत मोजण्याची जुनी रीत आहे. पाच अष्टमांश म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर, सहा अष्टमांश म्हणजे 19 मिलिमीटर आणि पूर्ण आठ अष्टमांश म्हणजे एक इंच. रुंद पाते रुबाबदार दिसते, म्हणून पहिल्याच मागणीत ते मागण्याचा मोह होतो. मात्र वस्तऱ्याची रुंदी एकटी वाढवता येत नाही. दगडावर धार लावताना पात्याची पाठ आणि धार या दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेल्या असतात, त्यामुळे धारेचा कोन धार लावणाऱ्याच्या हातात उरत नाही. तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून, वस्तरा घडतानाच कायमचा ठरून जातो. 19 मिलिमीटर रुंद पात्याची पाठ साडेपाच मिलिमीटर जाड असेल तर दोन्ही बाजू मिळून सुमारे साडेसोळा अंशांचा कोन मिळतो आणि तो दाढीसाठी उत्तम असतो. तीच पाठ चार मिलिमीटरची ठेवली तर कोन बारा अंशांवर येतो आणि इतकी बारीक धार राठ केसांपुढे टिकत नाही, तिचे कण निखळू लागतात. पाठ सात मिलिमीटरची झाली तर कोन एकवीस अंशांच्या पुढे जातो आणि पाते केस कापण्याऐवजी ओढू लागते. इंचभर रुंदीच्या पात्याला योग्य कोन हवा असेल तर पाठ सात मिलिमीटरहून जाड ठेवावी लागते. म्हणजे पट्टी जाड, घासून काढायचे पोलाद जास्त, वेळ जास्त आणि हातात वजनही जास्त. पाच किंवा सहा अष्टमांशांचे पाते नाकाखाली आणि हनुवटीच्या वळणावर सहज फिरते आणि स्वस्तातही घडते. ज्या कारागिराला पाठीच्या जाडीबद्दल विचारल्यावर तत्काळ आकडा सांगता येत नाही, त्याने कितीही देखणे चाकू बनवले असले तरी त्याच्याकडून वस्तरा घडवून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पोलाद निवडताना ग्राहकाने फार हट्ट धरू नये. ओ-वन, 1095 किंवा बेअरिंगसाठी वापरले जाणारे 52100 यांपैकी कोणत्याही पोलादाचा उत्तम वस्तरा होऊ शकतो, आणि यांपैकी जे पोलाद कारागीर रोज हाताळतो तेच त्याच्याकडून घेणे शहाणपणाचे असते. गंज नको असेल तर एईबी-एल हे स्टेनलेस पोलाद दाढीच्या पात्यांसाठीच विकसित झालेले आहे आणि त्याची धार फार सूक्ष्म होते. पण त्याला पाणी देण्यासाठी, म्हणजे तापवून झटकन गार करत कडक करण्यासाठी, हजार अंश सेल्सिअसच्या वर नेमके तापमान राखणारी भट्टी लागते, आणि ती नसलेल्या कारागिराला हे काम बाहेरून करून घ्यावे लागते, त्यामुळे खर्च वाढतो. दमास्कस पोलादाची लहरदार नक्षी डोळ्यांना सुखावते, परंतु दाढीत तिचा काही उपयोग नाही. बेताच्या पैशांत ती मागितली तर कारागिराला दुसरीकडे कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो.

पोलादाच्या नावापेक्षा त्याला दिलेले पाणी अधिक महत्त्वाचे आहे. ओ-वन पोलादाचे पाते साधारण 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवतात, तेव्हा ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. तो ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा 200 अंशांच्या आसपास काही वेळ तापवून ठेवतात. वस्तऱ्यासाठी धातूचा कडकपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर 60 ते 62 इतका कडकपणा साधारणपणे योग्य मानला जातो. तो बराच कमी असेल तर धार लवकर वळते, आणि फार जास्त असेल तर ती दगडावरच तुटू लागते. बारीक पाते तेलात पडताना वाकण्याचा संभव असतो, म्हणून जाणते कारागीर धारेकडचा भाग आधी थोडा जाड ठेवतात आणि शेवटची घासणी पाणी दिल्यानंतर करतात. याच शेवटच्या घासणीत एक छुपा धोका आहे. चाकावर पाते तापले आणि धारेजवळ निळसर रंग आला, म्हणजे तापमान 300 अंशांच्या आसपास गेले आणि तेवढा भाग मऊ पडला. तो निळा रंग पॉलिशने एका मिनिटात निघून जातो, मऊपणा मात्र तसाच राहतो, आणि ग्राहकाला तो महिनाभराने कळतो. म्हणून कडकपणा कसा तपासला जातो आणि पाणी दिल्यानंतर घासताना पाते गार कसे ठेवले जाते, हे दोन प्रश्न मागणी देण्यापूर्वी विचारावेत. चांगला कारागीर अशा प्रश्नांनी दुखावत नाही. बहुतेक वेळा तो खुलून बोलू लागतो.

घासणीच्या प्रकारात पैसे वाचवण्याची मोठी सोय आहे. पात्याच्या दोन्ही बाजू किती खोलगट घासायच्या यावरून पाचरीसारखे भरीव पाते, पाव पोकळ, अर्धे पोकळ आणि पूर्ण पोकळ असे प्रकार पडतात. पूर्ण पोकळ पाते धारेमागे इतके पातळ असते की नखाने दाबल्यास ते लवते, आणि दाढी करताना त्याचा सूक्ष्म नाद ऐकू येतो. हा नाद ज्याला आवडतो त्याला दुसरे पाते चालत नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही असे पाते हाताने घासणे हे या व्यवसायातले सर्वांत अवघड काम आहे. शेवटच्या टप्प्यावर पाती वाया जातात आणि त्या वाया गेलेल्या पात्यांची भरपाई साहजिकच किमतीत येते. अर्धे किंवा पाव पोकळ पाते कमी वेळात होते, राठ दाढीवर स्थिर चालते आणि नवशिक्याच्या हाताला कमी त्रास देते. पूर्ण भरीव पाते मात्र केवळ स्वस्त म्हणून निवडू नये, कारण ते जड असते आणि त्याला धार लावताना बरेच पोलाद झिजवावे लागते.

धार सरळ किंवा अगदी किंचित बाकदार असावी. ठळक बाकाचे पाते छायाचित्रात शोभते, पण घरच्या दगडावर त्याला धार लावणे कठीण जाते. टोक गोलाकार मागावे. चौकोनी, टोकदार कोपरा मिशीची कड नेमकी कापतो खरा, पण हात बसेपर्यंत तोच कोपरा कान आणि ओठ यांच्याजवळ इजा करतो. पाठीवरची कोरीव नक्षी, मानेवरचे नाव, सोन्याचा मुलामा हे सर्व सोडून द्यावे. आरशासारख्या चकाकीचा मोहही आवरावा, कारण तिच्यासाठी प्रत्येक ओरखडा क्रमाक्रमाने बारीक कागदावर काढत जावे लागते आणि त्यात जाणारे तास घासणीच्या तासांशी स्पर्धा करतात. एकसारख्या बारीक रेघांची मंद झळाळी तेवढीच सुंदर असते. फक्त दाढीनंतर असे पाते कोरडे करून तेलाचा हलका हात फिरवण्यात कुचराई करू नये.

मुठीच्या बाबतीत सौंदर्याची हौस थोड्या पैशांत भागवता येते. मायकार्टा (राळेत घट्ट बसवलेले कापड किंवा कागद) आणि जी-टेन (राळेत बसवलेले काचतंतू) यांच्या पट्ट्या पाण्याने फुगत नाहीत, वाकत नाहीत आणि स्वस्त असतात. घट्ट कणांचे, तेल मुरवलेले लाकूडही चालते. शिंग देखणे असते, पण हवामानाबरोबर वळते आणि त्याला कीड लागते. सेल्युलॉइडची मूठ टाळावी, कारण ते जुने होऊन विघटित होऊ लागले की त्यातून निघणाऱ्या वायूंनी मिटलेले पाते गंजते. हस्तिदंताचा विचारही करू नये. वन्यजीवांच्या व्यापारावरील साइट्स करार 1975 पासून लागू आहे, आणि कायदा नसता तरी एका मुठीसाठी ते मागणे योग्य ठरले नसते.

ज्याच्या हाताला बारीक कामाची सवय आहे त्याने कारागिराकडून फक्त पाते घ्यावे आणि मूठ स्वतः करावी, हा माझ्या मते खर्च कमी करण्याचा सर्वांत समाधान देणारा मार्ग आहे. सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, शेवटाला बसवायची छोटी पाचर, 1.6 मिलिमीटर व्यासाची पितळी तार, बारीक वायसर आणि गोल डोक्याची लहान हातोडी एवढे साहित्य पुरते. दोन्ही पट्ट्या एकत्र चिकटवूनच भोके पाडावीत, म्हणजे ती समोरासमोर येतात. तारेचे टोक हलक्या, असंख्य ठोक्यांनी पसरवावे. एक जोराचा ठोका तारेला आत वाकवतो आणि मग पाते मिटताना एका बाजूला झुकते.

याहूनही कमी पैसे असतील तर जुन्या पात्याला नवी मूठ बसवून घ्यावी. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगन येथे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत घडलेली असंख्य पाती अजूनही मोडक्या मुठींसह विकली जातात आणि त्यांचे पोलाद आजही उत्तम काम देते. मात्र धारेला आडवी भेग असेल, गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील किंवा वर्षानुवर्षांच्या घासण्याने पाठ रुंद आणि सपाट झाली असेल, तर ते पाते घेऊ नये. भेग दुरुस्त होत नाही, आणि पाठ झिजली की वर सांगितलेला कोनच बदलतो.

कारागिराशी बोलताना आपली पैशांची मर्यादा पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावी. ती लपवून ठेवल्यास तो आपल्याला न परवडणाऱ्या वस्तऱ्याचा आराखडा करत बसतो आणि दोघांचाही वेळ जातो. ‘एवढ्या रकमेत तुमच्या नेहमीच्या नमुन्यात काय बसेल?’ असे विचारणे उत्तम, कारण ज्या आकाराचे साचे आणि सवय त्याच्याकडे आधीच आहे तो आकार त्याच्या हातून लवकर आणि अधिक अचूक होतो. पात्याचे प्रत्यक्ष मापाचे चित्र कागदावर काढून पाठवावे आणि त्यासोबत रुंदी, पाठीची जाडी, घासणीचा प्रकार, पोलाद, टोकाचा आकार, मुठीचे साहित्य ही माहिती लेखी द्यावी. इसार किती, उरलेली रक्कम केव्हा, काम मुदतीत झाले नाही तर काय, पाणी देताना पाते तडकले तर नुकसान कोणाचे, आणि वस्तरा दाढीसाठी तयार धारेसह मिळणार की नाही, हेही त्याच पत्रव्यवहारात ठरवून घ्यावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. तयार धार मिळाली तर सुरुवातीचे बरेच दिवस केवळ चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवून भागते, आणि एक हजारापासून बारा हजार ग्रिटपर्यंतच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचे माप) दगडांचा खर्च पुढे ढकलता येतो. चामड्याचा चांगला पट्टा मात्र वस्तऱ्याबरोबरच लागतो. त्याचे पैसे आधीच बाजूला काढून उरलेल्या रकमेत वस्तऱ्याची मागणी द्यावी. काम सुरू झाल्यावर आराखडा बदलू नये, कारण प्रत्येक बदल म्हणजे आणखी तास.

वस्तरा हाती आल्यावर तो उजेडात शांतपणे पाहावा. मिटताना पाते मुठीच्या मध्यभागी यावे आणि त्याची धार कोणत्याही पट्टीला लागू नये. जाड, सपाट काचेवर पाते अलगद आडवे ठेवून पाहावे; ते दोन्ही बाजूंनी न डुगडुगता टेकले पाहिजे. त्यानंतर धारेलगतची चमकदार बारीक पट्टी भिंगातून पाहावी. ती टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत आणि दोन्ही अंगांना जवळपास सारख्या रुंदीची असेल तर घासणी सरळ झाली आहे. एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला अरुंद असेल तर पाते वाकलेले असण्याची शक्यता मोठी. पहिल्या दोन-तीन दाढ्यांवरून मत बनवू नये, कारण त्या वेळी हात आणि कोन दोन्ही नवीन असतात. तरीही पाते सातत्याने ओढत असेल तर चित्रांसह कारागिराला कळवावे आणि त्याचे उत्तर येईपर्यंत पाते स्वतः दगडावर घासू नये, कारण एकदा आपला दगड लागला की मूळ धारेत दोष होता की नव्हता हे त्यालाही सांगता येत नाही.