सिग्नलिंग गेटवेवर स्क्रीनिंगचे नियम कसे लिहावेत

कोल्हापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेची पदवी घेऊन अनेक मुले-मुली पुण्या-मुंबईच्या नेटवर्क ऑपरेशन केंद्रांत रुजू होतात. कॉल, एसएमएस आणि रोमिंगसाठी दूरध्वनी नेटवर्क ज्या पद्धतीने एकमेकांना संदेश पाठवतात त्या एसएस७ चे थर त्यांनी परीक्षेसाठी अभ्यासलेले असतात; परंतु दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्ककडून येणारा कोणता संदेश आत घ्यायचा आणि कोणता सीमेवरच टाकून द्यायचा, हे ठरवणारे स्क्रीनिंगचे नियम एसटीपीवर (सिग्नल ट्रान्सफर पॉइंट, म्हणजे संदेश पुढे पाठवणारा सीमेवरचा सिग्नलिंग गेटवे) स्वतः लिहिण्याचा सराव त्यांना क्वचितच मिळालेला असतो. हे मार्गदर्शन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

या नियमांची गरज एसएस७ च्या घडणीतच आहे. १९८० च्या सुमारास ही पद्धत आकाराला आली तेव्हा जगात मोजक्या, बहुतांशी सरकारी दूरध्वनी कंपन्या होत्या आणि त्यांचा एकमेकींवर विश्वास होता, म्हणून संदेश पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोय तिच्यात ठेवली गेली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बुर्ग येथील केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल यांनी या उणिवेचा फायदा घेऊन ग्राहकाचे ठिकाण कसे शोधता येते आणि त्याचे कॉल व एसएमएस कसे वळवता येतात, हे दाखवून दिले. २०१७ मध्ये जर्मनीत बँकेचे एसएमएस कोड याच मार्गाने वळवून ग्राहकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे उघड झाले. कोल्हापुरातील गुजरीतला सराफ किंवा मार्केट यार्डातला गूळ व्यापारी बँकेचा ओटीपी मोबाइलवर घेतो, तेव्हा तो ओटीपी त्याच्याच हातात पडेल की नाही, हे काही अंशी आपण लिहिलेल्या नियमांवर अवलंबून असते.

पहिली आज्ञा लिहिण्यापूर्वी प्रत्येक लिंकसेटसाठी (शेजारच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या लिंकच्या गटासाठी) स्वतंत्र तक्ता तयार करावा. शेजारचे नेटवर्क कोणते, त्याचे पॉइंट कोड (सिग्नलिंग उपकरणांचे पत्ते) कोणते, आपल्याकडच्या कोणत्या पॉइंट कोडशी त्याचे काम आहे, कोणत्या सेवा त्या मार्गाने चालतात, हे त्यात असावे. रोमिंग भागीदारांच्या ग्लोबल टायटलच्या (उपकरणांच्या, फोन नंबरसारख्या दिसणाऱ्या पत्त्यांच्या) मालिका जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेच्या आयआर.२१ या दस्तऐवजातून घ्याव्यात. जुन्या ईमेलमधून किंवा कोणाच्या आठवणीतून घेऊ नयेत. त्यानंतर निदान एक पूर्ण आठवड्याची वाहतूक टिपून ती वायरशार्क या संदेश उलगडून दाखवणाऱ्या साधनात उघडावी आणि तक्त्याशी ताडून पाहावी. कागदावर नसलेली परंतु खरी असलेली वाहतूक येथेच सापडते, आणि माझ्या मते या कामातला सर्वाधिक वेळ या टप्प्यालाच द्यायला हवा.

पहिली तपासणी एमटीपी या, संदेश लिंकवरून वाहून नेणाऱ्या खालच्या थरावर होते. आयटीयू पद्धतीत पॉइंट कोड १४ बिटांचा असतो आणि आंतरराष्ट्रीय कोड ३-८-३ अशा विभागणीने लिहितात. बाहेरून आलेल्या संदेशाच्या ओपीसीमध्ये (पाठवणाऱ्याच्या पॉइंट कोडच्या जागी) आपल्याच नेटवर्कचा पॉइंट कोड असेल तर तो संदेश बनावट समजून टाकावा. हा नियम सर्वांत वर असावा. त्यानंतर संदेश आंतरराष्ट्रीय की राष्ट्रीय हे सांगणारा नेटवर्क इंडिकेटर पाहावा, कारण आंतरराष्ट्रीय लिंकसेटवर त्याची किंमत ० असते आणि राष्ट्रीय लिंकसेटवर सामान्यतः २. मग संदेश कोणत्या कामाचा हे सांगणारा सर्व्हिस इंडिकेटर येतो: एससीसीपीसाठी (रोमिंग आणि एसएमएसचे संदेश नेणारा थर) ३, आयएसयूपीसाठी (कॉल जोडणारे संदेश) ५. ज्या लिंकसेटवर केवळ रोमिंग आणि एसएमएस चालतात तेथे ५ ला परवानगी देण्याचे कारण नाही. परंतु ० आणि १ सरसकट बंद करू नयेत, कारण जुन्या टीडीएम लिंकवर १ मधून लिंकची चाचणी होते आणि ती अडली तर लिंकच खाली जाते. ० मधील व्यवस्थापन संदेश स्वीकारताना त्यांतील बाधित पॉइंट कोड तपासावा. शेजाऱ्याने त्याच्यामार्फत न जाणाऱ्या तिसऱ्याच कोणाच्या कोडविषयी, किंवा आपल्याच एचएलआरविषयी (आपल्या ग्राहकांची मूळ नोंदवही), ‘मार्ग बंद’ असे सांगणारा टीएफपी संदेश पाठवला तर तो मानण्याचे कारण नाही.

एससीसीपी थरावर कॉलिंग (पाठवणाऱ्या) आणि कॉल्ड (घेणाऱ्या) पार्टीचे ग्लोबल टायटल व उपकरणाचा प्रकार सांगणारा सबसिस्टिम नंबर तपासले जातात. एचएलआरचा नंबर ६, व्हीएलआरचा (सध्या त्या भागात असलेल्या ग्राहकांची नोंदवही) ७ आणि एमएससीचा (मोबाइल एक्स्चेंज) ८. आपल्या मालिकेतील कॉलिंग ग्लोबल टायटल आंतरराष्ट्रीय लिंकसेटवरून आत येत असेल तर तेही बनावट समजावे. देशात २०११ पासून नंबर पोर्टिंग लागू असल्यामुळे मोबाइल नंबरच्या आरंभीच्या आकड्यांवरून ग्राहक कोणत्या कंपनीचा आहे हे सांगता येत नाही. म्हणून पाठवणाऱ्याची ओळख ठरवणारे नियम नेटवर्कमधील उपकरणांच्या पत्त्यांवर लिहावेत, ग्राहकांच्या नंबरांवर नव्हे.

खरी कसोटी मॅप या, ग्राहकाविषयीची प्रत्यक्ष मागणी असलेल्या थरावर लागते, कारण पत्ता योग्य असूनही मागणी अयोग्य असू शकते. जीएसएमएच्या एफएस.११ या मार्गदर्शक दस्तऐवजाने संदेशांचे तीन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात केवळ स्वतःच्या नेटवर्कमध्ये चालणाऱ्या क्रिया येतात: एनीटाइम इंटरॉगेशन (ग्राहकाचे ठिकाण विचारणे), क्रियेचा क्रमांक ७१, किंवा सेंड आयएमएसआय (सिममधील ग्राहकाचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमएसआय, मागणे), क्रमांक ५८. परकीय नेटवर्कशी तसा लेखी करार नसेल तर हे सीमेवरच अडवावेत, आणि मॅपचे संदेश ज्यात गुंडाळलेले असतात त्या टीकॅप थराच्या आत पाहू शकणारा एसटीपी हे काम स्वतः करू शकतो. दुसऱ्या वर्गातील इन्सर्ट सबस्क्रायबर डेटा (ग्राहकाची माहिती भरणे), क्रमांक ७, आणि प्रोव्हाइड सबस्क्रायबर इन्फो (ग्राहकाची माहिती मागणे), क्रमांक ७०, हे संदेश आपल्याकडे पाहुणा म्हणून आलेल्या ग्राहकाच्या मूळ नेटवर्ककडूनच येणे योग्य असते. त्यामुळे संदेशातील आयएमएसआय आणि पाठवणाऱ्याचे ग्लोबल टायटल एकाच नेटवर्कचे आहेत का, हे ताडावे लागते. आयएमएसआयच्या आरंभी येणारे भारताचे मोबाइल देशसंकेत ४०४ आणि ४०५ आहेत. आपल्या स्वतःच्या ग्राहकाचा आयएमएसआय घेऊन असा संदेश परदेशी पत्त्यावरून आत आला तर तो नाकारण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

तिसरा वर्ग अवघड आहे. आपला ग्राहक खरोखर परदेशी गेला की त्याच्यासाठी तेथील नेटवर्ककडून अपडेट लोकेशन (नव्या ठिकाणाची नोंद), क्रमांक २, आलाच पाहिजे. परंतु दहा मिनिटांपूर्वी कोल्हापुरातील रंकाळ्याच्या टॉवरवर नोंद असलेल्या ग्राहकासाठी युरोपातून हाच संदेश आला तर तो अशक्य आहे, आणि आधीचे ठिकाण लक्षात न ठेवणाऱ्या एसटीपीला ते कळण्याचा मार्ग नाही. असे संदेश एसटीपीवर अडवण्याचा प्रयत्न न करता आधीचे ठिकाण लक्षात ठेवणाऱ्या सिग्नलिंग फायरवॉलकडे वळवावेत. एसएमएससाठी लागणारा सेंड राउटिंग इन्फो फॉर एसएम, क्रमांक ४५, हाही बंद करता येत नाही. त्यासाठी एसएमएस होम राउटिंग (बाहेरून येणारा एसएमएस आधी आपल्याच यंत्रावर उतरवणे) बसवून खरा आयएमएसआय बाहेर जाऊ न देणे, हाच उपाय आहे.

क्रियेचा क्रमांक नेहमी अपेक्षित जागीच सापडेल असे समजू नये. हल्लेखोर तो टीकॅपच्या पहिल्या संदेशाऐवजी पुढच्या संदेशात ठेवतात, एक्सयूडीटी या एससीसीपी संदेशाचे तुकडे करतात किंवा क्रमांकाचा प्रकार सांगणाऱ्या ०२ या लोकल टॅगऐवजी ०६ हा ग्लोबल टॅग वापरतात. ज्या संदेशाचा अर्थ आपल्या यंत्राला लावता येत नाही तो ‘निरुपद्रवी’ म्हणून पुढे न सोडता नाकारावा.

नियमांची साखळी परवानगीच्या पद्धतीने लिहावी: ठाऊक असलेले आत, उरलेले सर्व शेवटच्या ओळीत बाहेर. मात्र ती शेवटची ओळ आरंभी केवळ नोंद करणारी ठेवावी, मोजणी रोज पाहावी आणि प्रत्येक अनोळखी पत्त्याचा उलगडा झाल्यावरच एकेका लिंकसेटवर ती अडवणारी करावी. बनावट संदेशाला यूडीटीएसने (संदेश पोहोचला नाही असे कळवणाऱ्या संदेशाने) उत्तर देऊ नये, कारण त्यातून हल्लेखोराला आपल्या नियमांचा अंदाज येतो. संख्येची मर्यादा घालताना स्थानिक दिनविशेष विसरू नये. जोतिबाच्या चैत्र यात्रेत बाहेरचे असंख्य फोन एकाच वेळी नोंदणी करतात आणि ती वाढ हल्ल्यासारखी दिसू शकते.

एसटीपी जोडीने काम करतात, म्हणून दोन्हींवर तेच नियम, त्याच क्रमाने असावेत. एरवी रिकामा असणारा पर्यायी लिंकसेटही याला अपवाद नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता. अशा आपत्तीत पारेषणाचा मुख्य मार्ग तुटला तर सगळी वाहतूक त्या रिकाम्या लिंकसेटवर येते, आणि तेथे नियम नसतील तर सीमा उघडी राहते, चुकीचे असतील तर ऐन संकटात सेवा थांबते.

बदल रात्रीच्या ठरलेल्या वेळेत करावा, जुनी रचना परत बसवण्याची फाइल आधीच तपासून ठेवावी आणि बदलानंतर भागीदार नेटवर्कच्या चाचणी सिमवर नोंदणी, कॉल आणि दोन्ही दिशांचा एसएमएस करून पाहावा. तक्त्यातील प्रत्येक ओळीपुढे ती कोणाच्या मागणीवरून आणि कोणत्या तारखेला घातली हे लिहावे. भागीदाराचे नवे आयआर.२१ आले की त्याच दिवशी जुन्याशी ताडून पाहावे. नवी मालिका वापरात येण्यापूर्वी नियमात घालावी, आणि वगळलेली मालिका मोजणी शून्यावर आल्याची खात्री करून काढून टाकावी.